उत्तर ठाऊक नसलेलं प्रॅक्टिकल

बी.एस्सी.चं जीवशास्त्राचं कुठलंही प्रॅक्टिकल घ्या; वनस्पतिशास्त्र असो, प्राणिशास्त्र असो की सूक्ष्मजीवशास्त्र. उद्देश, साहित्य आणि कृती फळ्यावर असतात आणि निष्कर्ष बहुधा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आधीच हाती आलेला असतो. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशीविभाजनाच्या चार अवस्था दिसायला हव्या असतात, म्हणून त्या दिसतात. नाहीच दिसल्या तर आकृती पुस्तकातून उतरवली जाते. पेन्सिल टोकदार असली आणि भागांची नावं उजवीकडे एका रेषेत आली की सही मिळते. मग तीन वर्षांनी एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत किंवा औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल विभागात कुणीतरी विचारतं, "अपेक्षेपेक्षा वेगळा आकडा आला तर काय कराल?" विद्यार्थी गप्प होतो. त्यात त्याचा दोष थोडाच आहे. वेगळा आकडा आला की तो खोडायचा आणि शेजारच्याचा 'बरोबर' आकडा लिहायचा, एवढंच त्याला नकळत शिकवलं गेलेलं असतं.

पदवीच्या काळात संशोधनाचा अनुभव मिळायला हवा, यावर आता कुणाचं दुमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याने चार वर्षांच्या पदवीत तशी सोयही केली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प घेऊ शकतो. महाराष्ट्रात ही रचना स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. प्रश्न आहे तो या अनुभवाचा अर्थ आपण काय लावतो याचा. आजवर आपण दोनच अर्थ लावले. एक, वर्गातल्या पहिल्या दोन-चार मुलांनी उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या मोठ्या संस्थेत दोन महिने काढायचे. दोन, ज्यांचे गुण ७५ टक्क्यांच्या वर आहेत त्यांनी शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण त्या उशिरा येतात आणि मोजक्यांच्याच वाट्याला येतात. विज्ञानातल्या कामासाठी विद्यार्थी खरा घडतो तो दुसऱ्या वर्षाच्या साध्या प्रॅक्टिकलमध्ये, त्या प्रॅक्टिकलचं उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसेल तर. हा लेख त्यामुळे आधी प्राध्यापकांसाठी आहे. विद्यार्थ्यांसाठीचं पुढे येईलच.

या म्हणण्याला आधार काय? अमेरिकेत ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठात 'फ्रेशमन रिसर्च इनिशिएटिव्ह' नावाचा उपक्रम चालतो. त्यात पदवीच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना एखाद्या चालू संशोधनाच्या गटात घेतात आणि तीन सत्रं त्यातच ठेवतात. २०१६ मध्ये या उपक्रमाचं मूल्यमापन प्रसिद्ध झालं. पूर्वीचे गुण, कौटुंबिक पार्श्वभूमी वगैरे सारखं असलेले विद्यार्थी जोडीजोडीने ताडून पाहिले गेले, म्हणजे हुशार मुलंच उपक्रमात येतात या आक्षेपाला शक्य तितकं उत्तर मिळावं. तिन्ही सत्रं पूर्ण केलेल्यांत विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेण्याची शक्यता ९४ टक्के निघाली, उपक्रमाबाहेरच्या तशाच विद्यार्थ्यांत ७१ टक्के. सहा वर्षांत पदवी पूर्ण करण्याच्या बाबतीत हेच आकडे ८३ आणि ६६ होते. अंतिम गुणांवर मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. हा तिसरा निष्कर्ष आपल्याकडे मोठ्याने वाचून दाखवायला हवा. संशोधनात वेळ घातला तर गुण घसरतील ही भीती तिथे खरी ठरली नाही, आणि संशोधनाने गुण वाढतील ही आशाही नाही. फरक पडला तो विद्यार्थी विज्ञानात टिकून राहण्यात.

टिकून राहण्यामागचं कारण शोधणाऱ्यांनी अशा अभ्यासक्रमांतले वेगवेगळे घटक सुटे करून पाहिले. २०१४ पासून जी मांडणी सर्वत्र वापरली जाते तिच्यात पाच घटक आहेत: विज्ञानाच्या खऱ्या पद्धती वापरणं, आधी कुणाला ठाऊक नसलेलं काही शोधणं, त्या शोधाला वर्गाबाहेर काही अर्थ असणं, एकमेकांच्या साथीने काम करणं आणि फसलेलं काम पुन्हा करून पाहणं. २०१८ च्या एका अभ्यासात असं दिसलं, की शोध, पुनरावृत्ती आणि सहकार्य यांचा संशोधनात जाण्याच्या इच्छेवरचा परिणाम एकाच वाटेने होतो. 'हे काम माझं आहे' असं विद्यार्थ्याला वाटू लागतं, ती ही वाट. आपल्या प्रॅक्टिकलमध्ये यातलं काय असतं ते तपासून पाहा. पद्धती असतात, गटात कामही असतं, निदान मायक्रोस्कोप कमी असल्यामुळे. शोध नसतो आणि पुनरावृत्ती तर अजिबात नसते. प्रयोग फसला तर पुढच्या आठवड्यात पुढचा प्रयोग असतो. फसलेल्या प्रयोगाकडे परत जायची परवानगीच वेळापत्रक देत नाही.

या पुराव्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पदवीपूर्व संशोधनावरच्या साठ अभ्यासांचा आढावा आला. त्यातले बहुतेक अभ्यास विद्यार्थ्यांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टींवर उभे होते. 'मला खूप शिकायला मिळालं' असं फॉर्मवर लिहिणं आणि खरोखर शिकणं यांत अंतर असतं, हे ज्यांनी कधी विद्यार्थ्यांचे अभिप्राय गोळा केलेत त्यांना सांगायला नको. शिवाय उन्हाळी संशोधनाच्या जुन्या सर्वेक्षणांत, विशेषतः ग्रिनेल कॉलेजच्या डेव्हिड लोपॅटो यांच्या २००४ च्या गाजलेल्या सर्वेक्षणात, बहुसंख्य विद्यार्थी आधीच संशोधनाकडे वळायचं ठरवून आलेले होते. अनुभवाने त्यांचा निर्णय पक्का केला. ज्याने काहीच ठरवलेलं नाही, ज्याच्या घरात पीएच.डी. म्हणजे काय हे कुणी ऐकलेलं नाही, असा विद्यार्थी उन्हाळी फेलोशिपचा अर्जच भरत नाही. म्हणून त्याच्यावरचा परिणाम त्या सर्वेक्षणांत दिसणारच नाही. त्याच्यापर्यंत पोचायचं तर संशोधन अर्ज करून मिळणाऱ्या ठिकाणी ठेवून चालणार नाही, ते सगळ्या बॅचला सक्तीच्या असलेल्या तासात आणावं लागेल.

हे मोठ्या प्रमाणावर जमतं, हे पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रॅहम हॅटफुल यांनी दाखवून दिलं. हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेच्या मदतीने २००८ मध्ये 'सी-फेजेस' हा अभ्यासक्रम सुरू झाला. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आपापल्या परिसरातली माती आणतात, तीतून जीवाणूंना मारणारे विषाणू म्हणजे फेज वेगळे करतात, त्यांना नावं देतात, त्यांच्या जनुकसंचाचं क्रमनिर्धारण होतं आणि कुठलं जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं, हे विद्यार्थीच ठरवतात. २०१५ मध्ये अशा ६२७ फेजच्या जनुकसंचांची तुलना करणारा शोधनिबंध आला, त्याच्या लेखकांत हजारो विद्यार्थी होते. त्याच कामाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या शाखेत २०१० मध्ये दरबानमधल्या एका विद्यार्थिनीने कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूने घेतलेल्या नमुन्यातून एक फेज वेगळा केला. त्याचं नाव 'मडी'. पुढे लंडनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या, फुप्फुसं बदललेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेससचा असा संसर्ग झाला की त्याला प्रतिजैविकं दाद देईनात. तिला ज्या तीन फेजचं मिश्रण दिलं गेलं त्यात मडी होता. तिची प्रकृती सुधारल्याची नोंद २०१९ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक वांग्यातून औषध निघत नाही, निघेल अशी आशाही दाखवू नये. पण वर्गात गोळा झालेलं काम नीट नोंदवून जपलं गेलं होतं, म्हणूनच आठ वर्षांनी ते कामी आलं. आपल्याकडेही सीएसआयआरच्या मुक्त औषधशोध प्रकल्पात २०१० मध्ये देशभरातल्या महाविद्यालयांतले विद्यार्थी क्षयाच्या जीवाणूच्या सुमारे ४,००० जनुकांची माहिती नव्याने तपासायला बसले होते. त्यातून २०१२ मध्ये शोधनिबंधही झाला. तो उपक्रम महाविद्यालयांच्या नेहमीच्या वेळापत्रकात मात्र कधी शिरला नाही.

आता आपल्या प्रयोगशाळेत येऊ. वर ज्या कांद्याच्या मुळाचा उल्लेख केला, त्याच प्रॅक्टिकलचं संशोधन करता येतं, तेही जवळपास त्याच साहित्यात. कांद्याच्या मुळांवरून रसायनांचा परिणाम जोखण्याची पद्धत आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये मांडली आणि प्रदूषणाच्या अभ्यासात ती आजही वापरतात. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं, तीही मोठी. साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात. गावातल्या नदीचं पाणी तीन ठिकाणांहून आणायचं: गावाच्या वर, नाला मिळतो तिथे आणि खाली दोन-तीन किलोमीटरवर. सोबत कंट्रोल म्हणून रात्रभर उघडं ठेवून क्लोरिन उडालेलं नळाचं पाणी. कांद्याची जुनी सुकलेली मुळं खालची चकती न दुखावता खरवडायची, कांदा ग्लासच्या तोंडावर असा बसवायचा की बूड पाण्याला टेकेल, आणि दोन-तीन दिवसांनी पट्टीने मुळांची लांबी मोजायची. मग टोकं कापून अ‍ॅसिटिक अल्कोहोलमध्ये ठेवायची आणि पुढच्या तासाला नेहमीप्रमाणे अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवून स्लाइड करायची. प्रत्येक स्लाइडवर हजार पेशी मोजायच्या आणि त्यांतल्या किती विभाजनात आहेत ते लिहायचं. पंचगंगेच्या काठी असो की नागपुरात नाग नदीच्या, उत्तर कुणाच्याच जर्नलमध्ये लिहिलेलं नाही.

पहिल्या फेरीत हा प्रयोग फसणार, आणि शिक्षकाने तो फसू द्यावा. कुठल्या कांद्याला चाळीस मुळं फुटतील, कुठल्याला आठ. मग सगळ्या मुळांची सरासरी घ्यायची की सर्वांत लांब पाचांची? काही कांद्यांना मुळंच फुटणार नाहीत. तेव्हा कुणीतरी कांदा कुठून आणला याची चौकशी करेल आणि लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र २००२ पासून आहे हे कळेल. तिथे कोंब येऊ नयेत म्हणून कांद्यावर गॅमा किरणांचा मारा करतात. अशा कांद्याची मुळं नीट वाढतीलच याचा भरवसा नाही. म्हणजे सगळे कांदे एकाच शेतकऱ्याकडून, एकाच वाणाचे, साधारण सारख्या आकाराचे घ्यायला हवेत. ही गोष्ट प्रयोगाच्या कृतीत छापलेली असती तर कुणी वाचली नसती. मग मोजणीचा वाद येतो. एकाच स्लाइडवर एकाला जिथे प्रोफेज दिसतो तिथे दुसऱ्याला इंटरफेजच दिसतो आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. इथे शिक्षकाने निवाडा देऊ नये. दोघांनी मिळून निकष लिहून काढावा आणि पुन्हा मोजावं. स्लाइडवर फक्त सांकेतिक क्रमांक असावा, म्हणजे मोजणाऱ्याला हे नाल्याचं पाणी आहे हे कळणार नाही. आपल्याला नाल्याचं पाणी वाईटच निघावं असं वाटत असतं, आणि ती इच्छा डोळ्यांत उतरते. दुसऱ्या फेरीत आकडे जरा शहाणे होतात. तिसऱ्या फेरीनंतर पाण्यापाण्यात फरक दिसला तर उत्तम. नाही दिसला, तर दहा-दहा कांद्यांत केवढा फरक पकडता आला असता हा प्रश्न संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडे न्यावा. बी.एस्सी.त एरवी रटाळ वाटणारी स्टँडर्ड एरर तेव्हा विद्यार्थी स्वतःहून विचारत येतो.

गुण कशाला द्यायचे, हेही आधी ठरवावं लागेल. निष्कर्ष 'बरोबर' आला याला गुण दिले की सगळी मेहनत वाया गेली. आकडे पुन्हा शेजारच्याच्या वहीतून येऊ लागतात. गुण द्यावेत ते नोंदवहीला. वही पानांवर क्रमांक घातलेली, शाईने लिहिलेली, चूक झाली तर एका रेषेने खोडून बाजूला तारीख आणि सही असलेली असावी. औषध उद्योगात नोंदी याच शिस्तीने ठेवतात आणि तपासणीला येणारे अधिकारी आधी तेच पाहतात. खाडाखोड असलेली वही स्वच्छ वहीपेक्षा जास्त गुण घेऊन जाते, हे पहिल्याच आठवड्यात वर्गाला दिसलं पाहिजे. कच्च्या नोंदी मराठीत असल्या तर काही बिघडत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने पाहिलं ते तिला नेमकं लिहिता येणं जास्त मोलाचं आहे. शेवटचा अहवाल इंग्रजीत करून घ्यावा, कारण पुढच्या सगळ्या दारांवर ती भाषा लागते.

"आमच्याकडे साधनंच नाहीत" हा पहिला आक्षेप. साधनांअभावी अडणारं संशोधन पुष्कळ आहे, हे मान्य. पण सगळंच अडत नाही. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून डॉ. मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांचा २००१ मध्ये आलेला एक शोधनिबंध याचं चोख उदाहरण आहे. स्ट्रेप्टोमायसिस या जीवाणूंच्या प्रजाती मिळून किती प्रतिजैविकं बनवत असतील, हा प्रश्न. उत्तरासाठी त्यांनी आजवर वर्षागणिक किती प्रतिजैविकं सापडत गेली याच्या प्रसिद्ध आकड्यांवर गणिती प्रतिमान बसवलं. अंदाज निघाला एक लाखाच्या घरातला, म्हणजे सापडलेली त्याचा लहानसा अंश. नवी प्रतिजैविकं कमी सापडतात ती साठा संपला म्हणून नव्हे, शोध मंदावला म्हणून, असाही निष्कर्ष त्यांनी काढला. हा निबंध जगभर उद्धृत होत आला आहे. यात महागडं उपकरण कुठलं लागलं? वाचनालय, संगणक आणि चांगला प्रश्न. परिसर हीही प्रयोगशाळाच आहे. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल ९४२ जातींच्या पक्ष्यांची स्थिती सांगतो, तो तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी नोंदवलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. महाविद्यालयाच्या आवारातल्या वीस झाडांना पालवी, फूल, फळ कधी येतं हे दर आठवड्याला नोंदवणारा विभाग पाच वर्षांत स्वतःचा विदासंच उभा करतो. 'सीझनवॉच'सारख्या देशव्यापी उपक्रमात त्याच नोंदी जातात आणि पुढच्या बॅचला मागच्या बॅचच्या आकड्यांवर काम करता येतं. सह्याद्रीच्या पायथ्याच्या, कोकणातल्या किंवा गोव्यातल्या महाविद्यालयाला या बाबतीत मोठ्या शहरातल्या संस्थेहून जास्त सोय आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो गोड बोलून टाळता येणार नाही: शिक्षकांकडे वेळ नाही. पदं रिकामी आहेत, निम्मा विभाग तासिका तत्त्वावर चालतो, उरलेल्यांच्या मागे नॅकची कागदपत्रं आणि परीक्षांचं काम. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तासाचे पैसे मिळतात. नदीवर पाणी आणायला जाण्याचे मिळत नाहीत, आणि त्याने ते फुकट करावं असं म्हणणं अन्यायाचं आहे. म्हणून इथे सुचवलेला बदल जादा कामाचा नाही. एका सत्रातली चार-पाच प्रॅक्टिकल काढून त्यांच्या जागी एक प्रश्न ठेवायचा, एवढाच आहे. पेशीविभाजन, स्लाइड करणं, मोजणी, संख्याशास्त्र हे विषय त्या प्रश्नातच होऊन जातात. स्वायत्त महाविद्यालयाला हे अभ्यासमंडळातून करता येतं. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रमाला हात लावता येत नाही. पण नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण यांचे श्रेयांक आहेत आणि त्यात काय करायचं याची बरीच मुभा विभागाकडे आहे. आज त्या श्रेयांकांवर अनेकदा एखादी सहल आणि छायाचित्रं चिकटवलेला अहवाल काढला जातो. नदीचं पाणी त्यांना जास्त शोभेल. विद्यार्थिसंख्या जास्त असेल तर प्रश्न तोच ठेवून प्रत्येक गटाला वेगळं ठिकाण द्यावं. एकाच विषयावर चाळीस मुलं काम करतात तेव्हा शिक्षकाला एकच पद्धत शिकवावी लागते, आणि आकडेही पुरेसे जमतात. प्रत्येकाला वेगळा विषय देण्याची आपली हौस इथे सोडून द्यावी. चाळीस वेगळे विषय दिले की त्यातले पस्तीस इंटरनेटवरून उतरवले जातात.

"सगळे थोडेच शास्त्रज्ञ होणार आहेत?" असं पालक विचारतात, प्राचार्यही विचारतात. नाहीच होणार. जीवशास्त्राचे बहुसंख्य पदवीधर औषध आणि अन्नतपासणीच्या प्रयोगशाळा, निदान केंद्रं, बियाणं आणि ऊतिसंवर्धनाच्या कंपन्या, क्लिनिकल रिसर्च, पर्यावरण परिणाम अहवाल करणाऱ्या संस्था, शाळा आणि स्पर्धा परीक्षा इकडे जातात. आक्षेप घेणाऱ्यांनी यातल्या कामांकडे जरा जवळून पाहावं. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत कंट्रोल प्लेटवर वसाहती उगवल्या तर त्या दिवसाचे सगळे अहवाल थांबवावे लागतात. तो थांबवण्याचा धीर फसलेल्या प्रयोगाकडे परत गेलेल्यालाच असतो. धरणाच्या पर्यावरण अहवालात 'या भागात दुर्मिळ जाती आढळल्या नाहीत' असं वाक्य असतं. किती दिवस, कुठल्या ऋतूत, किती जणांनी पाहिलं, हे विचारायला संशोधनाची दृष्टी लागते, शास्त्रज्ञाची नोकरी लागत नाही. उलट जो खरोखर संशोधनात जाणार आहे त्यालाही हे लवकर मिळालं तर बरं. एम.एस्सी.ची दोन आणि पीएच.डी.ची दोन वर्षं घालवल्यावर हे काम आपल्याला मानवत नाही असं कळण्यापेक्षा, दुसऱ्या वर्षी तिसऱ्यांदा कांदे मोजताना कळलेलं स्वस्त पडतं.

एक धोका मात्र वाढत चालला आहे. संशोधनाच्या अनुभवाला श्रेयांक आणि किंमत आली की त्याचा बाजार होतो. आठवड्याभराची ऑनलाइन 'इंटर्नशिप' पैसे भरून मिळते, प्रमाणपत्र रंगीत असतं. तयार प्रकल्प विकत मिळतात. शुल्क घेऊन वाट्टेल ते छापणारी नियतकालिकं तर पदवीच्या विद्यार्थ्यांनाही मेल पाठवतात. अशा ठिकाणी छापलेला निबंध पुढच्या मुलाखतीत मदत करत नाही. अनुभवी परीक्षक नियतकालिकाचं नाव वाचूनच पुढचे प्रश्न ठरवतो. शोधनिबंध हे पदवीच्या पातळीवरचं उद्दिष्टच असू नये. भिंतीवर लावलेलं पोस्टर, 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेतलं सादरीकरण आणि विभागात जपून ठेवलेली वही एवढं पुरे.

विद्यार्थ्यांनी उन्हाळी फेलोशिपचा नाद सोडावा असा याचा अर्थ नाही. आधी स्वतःच्या विभागात एक प्रश्न हाताळून मग तिथे जावं. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या अखेरीलाच भरायचे असतात आणि त्यात आपल्याला काय करायचंय हे थोडक्यात लिहून द्यावं लागतं. 'मला लहानपणापासून जीवशास्त्राची आवड आहे' हे वाक्य शेकडो अर्जांत असणार. 'नदीच्या तीन ठिकाणांच्या पाण्यात कांद्याच्या मुळांची वाढ मोजली, दुसऱ्या फेरीत मोजणीचा निकष बदलावा लागला' हे वाक्य बहुधा एकाच. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा २००४ पासूनचा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि त्यात जीवशास्त्रही आहे. 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती मिळत असेल तर तिच्या वार्षिक ८०,००० रुपयांतले २०,००० मार्गदर्शकाच्या हाताखाली करायच्या उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. तो प्रकल्प कागदावर उरकण्याचा मोह टाळा, कारण असा पैसा पुढे बरीच वर्षं मिळणार नाही. एखाद्या शास्त्रज्ञाला थेट मेल पाठवणार असाल तर शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका. तीन-चार जण निवडा, प्रत्येकाचा एक अलीकडचा शोधनिबंध वाचा, त्यातलं काय समजलं नाही ते नेमकं विचारा आणि मेल दहा ओळींत संपवा. आगरकर संशोधन संस्था, एनसीसीएस, आयसर पुणे, खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, सोलापूरचं डाळिंब संशोधन केंद्र ही नावं यादीत असू द्या. आणि उत्तर आलं नाही तर आपल्याच विभागाच्या लॅब असिस्टंटशी मैत्री करा. रसायनं कुठे ठेवलेली असतात आणि ऑटोक्लेव्ह कधी मोकळा असतो हे त्यांनाच ठाऊक असतं.

प्राध्यापकांना एवढंच सांगायचं आहे, की सत्राचं वेळापत्रक जूनच्या विभागीय बैठकीत ठरतं. त्या बैठकीत एकच ठराव मांडा: दुसऱ्या वर्षाच्या एका बॅचची पाच प्रॅक्टिकल, किंवा संलग्न महाविद्यालयात क्षेत्र प्रकल्पाचे तास, एका प्रश्नाला द्यायचे, सत्र संपल्यावर वह्या विभागात जमा करायच्या आणि पुढच्या वर्षीच्या बॅचने तिथूनच पुढे जायचं. यासाठी लागणारे कांदे, ग्लास आणि पट्ट्या विभागाच्या किरकोळ खर्चात बसतात, त्या खर्चाला वरून मंजुरी लागत नाही.